पेंडीतलं विष: भिजवायचं, उकळायचं की चुना लावायचा?

महापेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीत पशुखाद्य तपासायच्या कामात आहे. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाडकडचे तबेलेवाले आणि कोंबडीवाले आमच्याकडे नमुने घेऊन येतात. अहवालातले आकडे बाजूला सारून बहुतेक जण एकच विचारतात, "साहेब, घालू का नको?" सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयापेंड) महागली की हा प्रश्न वाढतो, कारण मग सरकी, एरंडी, करंज, मोह, जवस अशा सगळ्याच पेंडींकडे लोक वळतात. चूक काहीच नाही त्यात. आपल्याकडे ठाण्यात चाऱ्याला जमीन उरली नाही, सगळा खुराक विकतचा. पेंड फुकट घालवणं परवडणारं नाही.

धागा काढायचं कारण म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक सल्ला: "कुठलीही पेंड रात्रभर भिजवा, विष उतरतं." हे वाचून मला खरोखर काळजी वाटते. झाडाने बी वाचवायला त्यात जे विष भरलेलं असतं, ते प्रत्येक बीचं वेगळं. काही पाण्यात विरघळतं, काही तेलात. काही उष्णतेने मरतं, काहीला उष्णतेने ढिम्म होत नाही. आणि तीच पेंड एका जनावराला पचते, दुसऱ्याला मारते. हे न बघता उपाय केला तर कधी पैसा जातो, कधी जनावर.

सरकीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच जाते. सरकीच्या गरात बारीक काळपट ठिपके दिसतात, त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्ये (दाबून तेल काढायच्या यंत्रात) सरकी तापली की बरंचसं गॉसिपॉल प्रथिनाला चिकटून बसतं. असं बांधलेलं गॉसिपॉल फारसं अपाय करत नाही. मोकळं राहिलेलं करतं. म्हणून अहवालात "मोकळं गॉसिपॉल" हाच आकडा बघायचा. पण उष्णतेची किंमत मोजावी लागते: गॉसिपॉल चिकटतं ते नेमकं लायसिनला (प्रथिनातला एक आवश्यक घटक), आणि कोंबडी-डुकराला पेंडीतून हवं असतं तेच लायसिन. जास्त भाजलेली पेंड विषाने कमी, पण पोषणानेही कमी.

दुसरा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. लोह मोकळ्या गॉसिपॉलला आतड्यातच धरून ठेवतं, शरीरात जाऊ देत नाही. हिशोब सोपा आहे. समजा पेंडीत ०.०५ टक्के मोकळं गॉसिपॉल निघालं, म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम. डुकरांसाठी गॉसिपॉलच्या वजनाइतकं लोह धरतात, म्हणजे अर्धा ग्रॅम लोह. हिराकसात लोह साधारण २० टक्के, तेव्हा किलो पेंडीला अडीच ग्रॅम हिराकस. अंड्यावरच्या कोंबडीला चौपट लोह धरतात, म्हणजे १० ग्रॅम. मात्र खताच्या दुकानातलं हिराकस वापरू नका, त्यात जड धातूंची भेसळ असू शकते. पशुखाद्याच्या दर्जाचंच घ्या.

बाकीच्या पेंडींवर प्रश्न येतील तसं लिहितो.

---

बाळकुमचा_तबेला

साहेब, आमच्या तीन पिढ्या म्हशींना सरकी पेंडच घालतात. फॅट सरकीनेच लागते. गॉसिपॉल-बिसिपॉल काही झालं नाही कधी. उगीच लोक घाबरतील.

---

महापेकर

दादा, तुमची म्हैस बरोबर आहे आणि तुम्हीही. मोठ्या म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जे जिवाणू आणि विरघळलेली प्रथिनं असतात, तिथेच मोकळं गॉसिपॉल बांधलं जातं. म्हणून मापात घातलेली सरकी तिला बाधत नाही. पण पारडांना काय घालता? तीन-चार महिन्यांपर्यंत पारडाचा तो कप्पा तयारच झालेला नसतो. त्या वयात गॉसिपॉलच्या बाबतीत ते म्हशीपेक्षा डुकराच्या जवळचं. आंबोण उरलं म्हणून त्याच्यापुढे सरकवलं जातं, आणि एक दिवस धाप लागून पारडू जातं. छातीत पाणी भरलेलं असतं, हृदयाचा स्नायू खराब झालेला असतो. लोक म्हणतात न्यूमोनिया झाला.

वळू पाळत असाल तर त्यालाही सरकीचा मारा नको, शुक्राणूंवर परिणाम होतो. चीनमध्ये १९७०च्या दशकात याच गॉसिपॉलवर पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचण्या झाल्या होत्या.

---

बाळकुमचा_तबेला

पारडांचं माहीत नव्हतं. आमच्याकडे आंबोण एकाच टोपलीत कालवतात. वेगळं करायला सांगतो आजच.

---

मुरबाड_लेयर

माझा छोटा अंड्यांचा व्यवसाय आहे, ठाण्यात घरोघरी पोचवतो. गेल्या हंगामात खाद्यवाल्याने सोया कमी करून सरकी डीओसी वाढवली. ताज्या अंड्यात काही फरक नाही. पण गिऱ्हाईकं म्हणायला लागली, फ्रीजमध्ये आठवडाभर राहिलेलं अंडं फोडलं की बलक हिरवट तपकिरी दिसतो. काहींनी तर पांढऱ्याला गुलाबी झाक असल्याचे फोटो पाठवले. नवपाड्याच्या एका काकूंनी अंडी परत केली. हे गॉसिपॉलच का?

---

महापेकर

हिरवट बलक गॉसिपॉलचाच. साठवणीत बलकातलं लोह मोकळं होतं आणि तिथे पोचलेल्या गॉसिपॉलशी जुळून तो रंग येतो. म्हणून ताज्या अंड्यात कळत नाही. पन्नास पीपीएमच्या (किलोला पन्नास मिलिग्रॅमच्या) वर मोकळं गॉसिपॉल खाद्यात गेलं की अंड्यावरच्या कोंबडीत ही तक्रार सुरू होते. ०.०५ टक्केवाली पेंड खाद्यात १० टक्के घातली की बरोबर तिथे पोचता. यावर हिराकस चालतं.

गुलाबी पांढरा मात्र वेगळं प्रकरण आहे. सरकीच्या तेलात सायक्लोप्रोपीन प्रकारची मेदाम्लं असतात. त्यांनी बलकाभोवतीचा पडदा झिरपरा होतो, बलकातलं लोह पांढऱ्यात उतरतं आणि तिथल्या प्रथिनाशी मिळून गुलाबी होतं. इथे हिराकस घालून काही उपयोग नाही. पेंडीत उरलेलं तेल कमी हवं, किंवा सरकीच कमी करा. दोन्ही रंग एकदम दिसतायत म्हणजे तुमच्या खाद्यात पेंड बरीच जास्त पडतेय. खाद्यवाल्याकडून प्रमाण लेखी मागा.

---

वर्तकनगर_गच्चीबाग

विषय जनावरांच्या खाद्याचा आहे, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीत गच्चीवर कुंड्या आहेत. नर्सरीतून सेंद्रिय खत म्हणून एरंडी पेंड आणली होती, हाडांच्या चुऱ्यात मिसळलेली. पिशवीवर एका शब्दाने सूचना नाही. चौथ्या मजल्यावरच्या लॅब्राडोरने गुलाबाची कुंडी उकरून ती खाल्ली. संध्याकाळपर्यंत तो नीट होता. रात्री उलट्या, सकाळी रक्ताची हगवण. दोन दिवसांत गेला. सात वर्षांचा होता, सगळ्या बिल्डिंगच्या मुलांचा लाडका. खत म्हणून विकतात त्या वस्तूत एवढं विष असतं हे कुणीच कसं सांगत नाही?

---

पशुवैद्य_कळवा

ताई, फार वाईट वाटलं. असे कुत्रे आमच्याकडे येतात, विशेषतः पावसाळ्याआधी कुंड्या भरायच्या दिवसांत. हाडांच्या चुऱ्याचा वास त्यांना ओढून नेतो.

एरंडीच्या पेंडीतलं रिसिन हे प्रथिन आहे. १८८८ मध्ये स्टिलमार्क यांनी ते वेगळं करून त्याला हे नाव दिलं. त्याचे दोन भाग. एक भाग पेशीला चिकटून आत शिरायला वाट करून देतो, दुसरा आत जाऊन प्रथिनं बनवणारी रायबोसोम एकामागून एक निकामी करतो, मिनिटाला हजारावर. म्हणून लक्षणं लगेच दिसत नाहीत. पेशी मरायला वेळ लागतो, तोवर मालकाला वाटतं कुत्र्याने पचवलं. रिसिनवर उतारा नाही. खाल्लं असं कळल्या क्षणी दवाखाना गाठायचा, लक्षणांची वाट बघायची नाही. पोट रिकामं करणं, औषधी कोळसा देणं हे पहिल्या काही तासांतच कामाचं. नंतर फक्त सलाइन आणि आधार. खत घ्यायचंच असेल तर घरात कुत्रं असताना एरंडी नको, नीमपेंड घ्या. आणि कुठलीही पेंड मातीवर पसरू नका.

एक समज दूर करतो: एरंडेल तेलात रिसिन नसतं. ते तेलात विरघळत नाही, सगळं पेंडीत राहतं.

---

महापेकर

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं त्याला जोडून. रिसिन प्रथिन असल्यामुळेच त्याला मारता येतं. ओल्या उष्णतेने ते विस्कटतं. आपल्या देशात झालेल्या प्रयोगांत एरंडी पेंड ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली वाफ देणाऱ्या बंद यंत्रात) १५ पौंड दाबावर तासभर ठेवली, किंवा किलोला ४० ग्रॅम चुना लावला, तर रिसिन पूर्ण नाहीसं झालं. नुसतं भिजवून किंवा थोडा वेळ वाफवून ते पूर्ण गेलं नाही. चुन्याची पेंड मेंढ्यांना घालूनही पाहिली गेली.

तरीही मी कुणाला घरी एरंडी पेंड शुद्ध करून घाला असं सांगणार नाही. चुना सगळीकडे सारखा लागला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि एका न भिजलेल्या ढेकळाने शेळी जाते. शिवाय एरंडीत एक ॲलर्जीकारक प्रथिन असतं, ते उष्णतेला सहज दाद देत नाही. पेंड कुटणाऱ्या, पोती हलवणाऱ्या माणसाला त्या धुळीने दमा लागतो. हे काम यंत्रसामग्री आणि तपासणी असलेल्या कारखान्याचं.

---

पडघ्याचं_तळं

आमच्या मत्स्यतळ्यात रानटी मासे मारायला दरवर्षी मोहाची पेंड टाकतो. यंदा दोन पोती उरलीत. शेळ्यांना चालेल का? आमच्या पाड्यावरचे लोक मोहाचं तेल खातात, त्यांना तर काही होत नाही.

---

महापेकर

तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत दादा. जे माशांना मारतं तेच पेंडीत आहे. मोहाच्या बीतलं सॅपोनिन तेलात जात नाही, म्हणून तेल खाल्लं जातं. मीटरभर पाण्याच्या हेक्टरी तळ्याला अडीच हजार किलो पेंड सांगतात, ती याच सॅपोनिनसाठी. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांनी ते विरतं आणि पेंड तळ्याचं खत होते.

सॅपोनिन गरम पाण्यात चांगलं विरघळतं. गरम पाण्याने दोन-तीनदा धुवून निथळली तर पेंड बरीच सौम्य होते, कडूपणा जातो. तेव्हा इथे पाणी खरंच उपयोगी आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. पाण्याबरोबर विरघळणारं प्रथिनही वाहून जातं, म्हणून धुतलेली पेंड वजनाने आणि कसाने घटते. आणि ते धुवण दिसायला साधं पाणी असलं तरी त्यात तेच मासेमारं विष आहे. नाल्यात ओतलंत तर ते खाली नदीत जाईल. कोरड्या शेतात जिरवा. तुमच्याकडे तळं आहे, उरलेली पोती कोरडी ठेवा आणि पुढच्या वर्षी तळ्यालाच वापरा. दोन पोत्यांसाठी शेळ्या धोक्यात घालू नका.

---

शहापूरची_म्हैस

आमच्याकडे थंडीत व्यालेल्या म्हशीला जवस देतात. आजी जवसाची भरड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी घालायची. मीही तसंच करते. हे चालतं ना?

---

महापेकर

ताई, हे आजपासून बदला, मी मनापासून सांगतो. धागा काढला तो याच कारणाने.

जवसात लिनामारिन आणि त्याच्या जातीची संयुगं असतात. ती जशीच्या तशी असताना फारसं बिघडत नाही. पण त्याच दाण्यात त्यांना फोडणारं विकरही (एन्झाइम) असतं. दाणा भरडला आणि कोमट पाणी मिळालं की विकर कामाला लागतं आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. सायनाइड. म्हणजे मोहाला जे पाणी तारतं तेच जवसाला मारतं. थोड्या भरडीने मोठी म्हैस निभावून नेते, म्हणून इतकी वर्षं काही दिसलं नसेल. जास्त घातलं किंवा रेडकाने खाल्लं तर निभावत नाही.

करायचं असं: आधी पाणी खळखळ उकळू द्या, मग त्यात भरड टाका, आणि दहा मिनिटं उघड्या भांड्यात उकळत ठेवा. उकळत्या पाण्याने विकर तिथल्या तिथे मरतं आणि सुटलेला वायू निघून जातो. झाकण ठेवू नका, आणि वाफेवर तोंड धरून उभ्या राहू नका. थंड पाण्यात घालून मग तापवत नेलं तर पाणी कोमट असताना व्हायचं ते होऊन बसतं. एक्स्पेलरमध्ये चांगली तापलेली पेंड भरडीपेक्षा सुरक्षित असते.

मोहरीच्या पेंडीचीही जात साधारण हीच. ओली केली की नाकाला झोंबतं, ते ग्लुकोसिनोलेट फुटल्याने. त्याने जनावराचं खाणं कमी होतं आणि गळ्याची थायरॉइड ग्रंथी बिघडते. कॅनडाने १९७४ मध्ये हे घटक कमी असलेलं वाण बीजातूनच काढलं, तेच पुढे कॅनोला झालं. सरकीतही तसं झालंय: टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटाने बीत गॉसिपॉल जवळपास नसलेला कापूस तयार केला आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याचं बी अन्न व खाद्य म्हणून मान्य झालं. आपल्या बाजारात ती सरकी नाही, तेव्हा आपल्याला आहे त्याच पेंडीवर काम करायचंय.

---

शहापूरची_म्हैस

उकळूनच घालीन आता. आजूबाजूच्या चार घरी पण हेच चालतं, त्यांनाही सांगते.

---

कळंबोली_ढेपवाला

मी मूळ अकोल्याचा, इथे पेंडीचा व्यापार आहे. आपण सगळे बीतल्या विषावर बोलतोय, पण माझ्या मते ठाणे-पनवेल पट्ट्यात सगळ्यात मोठा धोका शेंगदाणा पेंडीचा आहे, आणि ते विष बीतलं नाहीच. विदर्भातून कोरडी निघालेली पेंड जुलैत भिवंडीच्या गोदामात महिनाभर राहिली की पोत्याचा तळ दमट लागतो. हात घातला तर आत ऊब. तोडली तर मधे हिरवट बुरशी. काही लोक ते उन्हात वाळवून, कुटून, चांगल्या मालात मिसळतात. मी स्वतः असा माल परत पाठवला आहे.

---

महापेकर

अगदी योग्य मुद्दा काढलात. हे अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, कारण शोधताना ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड सापडली, आणि त्यातून हे विष जगाला कळलं. बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस, तिच्यावरूनच नाव.

वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, विष तसंच राहतं. उकळल्याने जात नाही, ते फुटायला २३० अंशांच्या वर तापमान लागतं. पाण्यात धुवून जात नाही. उन्हाने थोडं कमी होतं, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. दाब आणि उष्णतेत अमोनिया देऊन ९५ टक्क्यांच्या वर नष्ट करता येतं, पण ते कारखान्यातलं काम. तबेल्यात होण्यासारखं एवढंच की खाद्यात बेंटोनाइटसारखी माती मिसळायची, ती आतड्यात विष धरून शेणावाटे बाहेर नेते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये ती याच कामासाठी मान्य केली. मात्र तिच्या भरवशावर बुरशीची पेंड घालायची नाही.

---

ऐरोलीची_आई

मी फक्त दूध घेणारी. तबेल्यातून सुटं दूध घेते, मुलं लहान आहेत. पेंडीतलं हे विष दुधात येतं का? मी दोनदा उकळते.

---

महापेकर

येतं, ताई. पेंडीतलं बी१ (अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार) जनावराच्या यकृतात एम१ या दुसऱ्या प्रकारात बदलतं आणि खाल्लेल्याच्या साधारण एक ते सहा टक्के दुधात उतरतं. बारा तासांत दुधात दिसायला लागतं. उकळून ते जात नाही, दोनदा उकळलं तरी. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यात ३६८ नमुन्यांत एम१ मर्यादेपेक्षा जास्त होतं, म्हणजे ५.७ टक्के. मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम. युरोपात ती याच्या दहावा भाग आहे.

दिलासा एवढा की खराब पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणजे सगळं तबेल्यातल्या पोत्यावर अवलंबून आहे. तुमच्या दूधवाल्याला पावसाळ्यात शेंगदाणा पेंड कुठे ठेवतो ते विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

---

बाळकुमचा_तबेला

मी दूधवालाच आहे, विचारलेलं मला चालेल. आमच्याकडे पोती फळ्यांवर ठेवतो, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात आठवड्याचीच पेंड आणतो. तपासायला द्यायची तर नमुना कसा आणू? एका पोत्यातून मूठभर चालेल?

---

महापेकर

मूठभर नको. अफ्लाटॉक्सिन सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एका ढेकळात खच्चून असतं आणि शेजारच्यात काहीच नसतं. लोखंडी नळी घेऊन प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा. पोती फार असतील तर निदान दर चौथं-पाचवं पोतं घ्या, आणि तळातलं सोडू नका. सगळं एका ताडपत्रीवर कुटून नीट मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा. असं करत किलोभर उरलं की कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये दमट पेंड आणलीत तर वाटेतच बुरशी वाढते. पिशवीवर पेंड कुठली, कधी आणली, कुठल्या जनावराला घालता हे लिहा. सरकी असेल तर मोकळं गॉसिपॉल मागा, शेंगदाणा असेल तर अफ्लाटॉक्सिन बी१. सगळ्या चाचण्या करायची गरज नाही, पैसे वाया जातात.

---

तळोजा_फीडमिल

सोयावर कुणी बोललं नाही म्हणून भर घालतो. कच्च्या सोयात ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) रोखणारं प्रथिन असतं, कोंबडीचं पचन बसतं. नीट भाजलं की जातं. आम्ही रोज युरिएज चाचणी करतो. युरिएज हे सोयातलंच विकर, तेही भाजल्यानेच मरतं, म्हणून त्यावरून भाजणी कळते. बशीत डीओसी पातळ पसरायची, वर युरिया आणि फिनॉल रेडचं नारिंगी द्रावण ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. कच्च्या कणांभोवती लाल ठिपके उमलतात. थोडे तुरळक ठिपके आले तर माल बरोबर भाजलाय. अर्ध्याहून जास्त बशी लाल झाली तर कच्चा, परत पाठवतो. पंचवीस मिनिटांनीही एकही ठिपका नाही म्हणजे जळवलाय, लायसिन गेलं. तोही परत. मुरबाडच्या दादांनी खाद्यवाल्याकडे ही चाचणी करता का एवढं विचारावं.

---

मुरबाड_लेयर

विचारलं. करत नाही म्हणाला. सरकीचं प्रमाणही तोंडीच सांगितलं, २५ टक्के. पुढच्या गाडीपासून खाद्य बदलतोय, आणि सरकीचा नमुना शुक्रवारी महापेला आणतो.

---

महापेकर

या. २५ टक्के असेल तर गॉसिपॉलबरोबर उरलेल्या तेलाचीही चाचणी करून घ्या, गुलाबी पांढऱ्याचं उत्तर त्यातच मिळेल. जुन्या खाद्याची अर्धा किलो पिशवी पण बरोबर असू द्या.